चानीला काहीच येत नाही

आमच्या अंगणवाडीत बाहुल्यांचा पहिला खेळ मी केला तेव्हा अठरा मुलांपैकी पाच रडली आणि एक दाराबाहेर पळालं.

तयारीत मी काही कमी ठेवलं नव्हतं. तालुक्याला झालेल्या प्रशिक्षणात एक अख्खी दुपार बाहुल्यांवर होती. तिथून आल्यावर पंधरा दिवस रात्री बसून मी कागदाच्या लगद्याची चार तोंडं केली : राजा, राणी, म्हातारी आणि वाघ. खोलीच्या कोपऱ्यात दोरी बांधली, त्यावर जुनी साडी टाकून पडदा केला आणि मागे बसून आवाज बदलत गोष्ट सुरू केली. वाघ वर आला आणि पुढच्या रांगेतून किंकाळी ऐकू आली. ते जत्रांचे दिवस होते. आमच्या कुडाळकडे कार्तिकापासून गावोगाव जत्रा लागतात, रात्री दशावताराचा नाट्यप्रयोग उभा राहतो, आणि आईच्या मांडीवर अर्ध्या झोपेत त्यातला काळ्या कपड्यातला राक्षस, संकासूर, पाहिलेलं मूल पुढे महिनाभर कुठल्याही मुखवट्याला दचकतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी इथलीच आहे. मीही संकासुराला भिऊन आईच्या पदराखाली लपलेली आहे.

पण मूळ कारण मुखवटा नव्हताच. ते आमच्या मदतनीस काकींनी खिचडीचं पातेलं घासता घासता सांगितलं. "बाई, तुमी पडद्याआड गेलात, म्हणान ती रडली. तुमी दिसाक व्हयात."

मी थांबलेच. खरंच होतं ते. तीन वर्षांचं मूल आई-आजीला सोडून चार तास येतं, ते एका ओळखीच्या चेहऱ्याच्या भरवशावर. तो चेहराच मी साडीमागे नेला, आणि त्याच्या जागी वाघ पाठवला. मोठ्यांच्या खेळात पडदा लागतो, कारण बाहुली खरी वाटायला हवी असते. लहान मुलांना ती खरी वाटायला पडद्याची गरजच नसते. माझा हात तिच्या पोटात शिरताना ती बघतात आणि तरी तिला विचारतात, "तुका भूक लागली?"

त्या रविवारी मी पिंगुळीला गेले. पिंगुळी आमच्याच तालुक्यात. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी या तिन्ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आहेत. तिथले कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. घरच्या गोठ्याचं त्यांनी संग्रहालय केलं आहे. एवढं दाराशी असून मी तिथे आजवर फक्त पाहुण्यांना दाखवायला गेले होते. या वेळी मी एकटी गेले आणि गोष्टीकडे लक्ष न देता फक्त हलणं बघत बसले. दोन बाहुल्या समोरासमोर होत्या. एक बोलत होती तेव्हा दुसरी अगदी स्थिर, फक्त बोलणारीकडे वळलेली. तिची पाळी आली की पहिली थांबायची. त्यामुळे कोण बोलतंय हे सांगावंच लागत नव्हतं. मी पडद्यामागे काय केलं होतं ते आठवलं : दोन्ही हातांतल्या बाहुल्या सतत नाचत होत्या, राजाही आणि वाघही. मुलांनी बघायचं कुठे?

घरी आल्यावर लगद्याची तोंडं माळ्यावर ठेवली आणि नवऱ्याचा एक राखाडी पायमोजा घेतला.

मोज्याची बाहुली कशी करतात ते जरा सविस्तर सांगते, कारण मला तीन वेळा उसवावी लागली. मोजा हातात घालायचा, टाच मनगटाच्या वरच्या बाजूला येऊ द्यायची. पुढचा भाग चार बोटं आणि अंगठा यांच्या खाचेत आत दाबायचा, ते तोंड. तोंडात जाड पुठ्ठ्याचा लांबट गोल मधोमध दुमडून बसवायचा आणि त्यावर लाल कापड चिकटवायचं. पुठ्ठा नसला तर तोंड मिटतच नाही, नुसतं चुरगळतं. डोळ्यांना आधी मी बटणं लावली होती. मग आठवलं की आमच्याकडे हाती आलेली वस्तू आधी तोंडात जाते. बटणं काढली आणि डोळे काळ्या दोऱ्याने भरून काढले. डोळे तोंडाच्या जवळ आणि थोडे आतल्या बाजूला घेतले की बाहुली समोरच्याकडे बघते असं वाटतं. लांब-लांब घेतले की ती कुठेच बघत नाही. पाठीवर पांढऱ्या लोकरीचे तीन पट्टे ओढले. शेपूट करायला काकींनी नारळाचं सोडण कुटून काथ्या काढून दिला, तो विंचरून गोंड्यासारखा बांधला आणि टिचबटणाने जोडला, म्हणजे मोजा धुताना शेपूट काढून ठेवता येतं.

झाली चानी. पुस्तकात खार लिहितात, पण आमच्याकडे घरोघरी चानीच म्हणतात. माडावर, कौलांवर, पत्र्यावर ती मुलांना रोज दिसते.

काथ्याचं शेपूट लावताना मला बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण आली, ती उगाच नाही. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी बालवाडी नेली ती थेट घरांच्या अंगणात, आणि विकतची साधनं मिळत नव्हती तिथे शिंपले, बिया, पानं हीच साधनं केली. आम्ही आज 'अंगणवाडी' या ज्या शब्दाखाली काम करतो त्यातलं 'अंगण' तिथून आलेलं आहे. मुलाच्या हाताला घरी लागते तीच वस्तू वर्गात दिसली की त्याचा अर्धा परकेपणा जातो, हे मी त्या काथ्यावर स्वतः पाहिलं. राजाच्या जरीच्या फेट्याला कोणी हात लावला नव्हता. चानीचं शेपूट पहिल्याच दिवशी सगळ्यांनी हुंगून पाहिलं.

पण ते नंतर. आधी आठवडाभर मी आरशासमोर बसत होते. सुरुवातीला मी वरची चार बोटं उचलून तोंड उघडत असे, आणि प्रत्येक शब्दाला चानीचं डोकं मागे कलंडून ती छताकडे बघायची. बोलताना आपला खालचा जबडा हलतो. म्हणून चार बोटं स्थिर ठेवून फक्त अंगठा खाली न्यायचा. ऐकायला सोपं आहे, अंगठ्याच्या मुळाशी मात्र दोन दिवस ठणका होता. दुसरं, माझी नजर. मी मुलांकडे बघत बोलले की मुलं माझ्याकडे बघतात. मी चानीकडे बघितलं की सगळ्या माना चानीकडे वळतात. माझे ओठ हलतात की नाही याची मी फार काळजी केली होती. मुलांनी एकदाही माझ्या ओठांकडे पाहिलं नाही.

आवाजाचं मात्र चुकलं. खारीचा म्हणून मी चिरका आवाज लावला. चौथ्या दिवशी घसा बसला आणि पाचव्या दिवशी तोंडातून शब्द फुटेना. सुट्टी घेणं शक्य नव्हतं, त्या दिवशी वजनं घ्यायची होती. म्हणून चानीला कानाशी नेलं, ती कुजबुजल्यासारखी केली आणि मान हलवली. मुलं विचारू लागली, "काय म्हणता ती?" मी घशाकडे बोट दाखवलं. मग एक मुलगा उठला, चानीच्या तोंडाला कान लावला आणि वळून सगळ्यांना म्हणाला, "ती म्हणता, माजां वजन पयला करा."

चानीने काहीच म्हटलं नव्हतं. ते त्याचं वाक्य होतं. वजनकाट्याला बघून दर महिन्याला आक्रंदणारं ते पोर त्या दिवशी चानीला हातात घेऊन काट्यावर बसलं, मग मोठ्याने हुकूम सोडला, "आता माजां!"

तेव्हापासून चानी मोठ्याने बोलत नाही. ती फक्त कानात सांगते, आणि कोणाच्या कानात सांगायचं ते मी ठरवते. माझ्या सगळ्या प्रयोगांतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आजाराने दिली. बाहुली म्हणजे मुलांना गोष्ट ऐकवायचं साधन, असं मी प्रशिक्षणातून धरून आले होते. माझ्या अनुभवात ती मुलांचं ऐकायचं साधन आहे. शिक्षिका प्रश्न विचारते तेव्हा मुलाला ठाऊक असतं की बाईंना उत्तर माहीत आहे, आपली परीक्षा चालली आहे. मग हुशार मूल ओरडून उत्तर देतं आणि बाकीची खाली बघतात. चानीला मात्र खरोखर काहीच येत नाही. तिला रंग येत नाहीत, ती हात धुवायला विसरते, चपला उलट्या घालते. तिला सांगावंच लागतं.

एकदा मी काकींचा दवला चानीपुढे धरला. दवला म्हणजे करवंटीचा, लाकडी दांड्याचा मोठा चमचा. चानीने माझ्या कानात सांगितलं आणि मी तिच्या वतीने म्हटलं, "हा चमचा." एकच गलका झाला. "अगो, हो चमचो नाय, हो दवलो!" मग दवल्याने काय वाढतात, आजीकडे किती दवले आहेत, कोणाच्या दवल्याचा दांडा मोडला, चुलीवर भात कसा ढवळतात, असं पाऊण तास चाललं. ज्या मुलांकडून 'हे काय आहे?' या प्रश्नाला मला एका शब्दाचं उत्तर मिळत नव्हतं ती सलग पाच-पाच वाक्यं बोलत होती, आणि सगळी मालवणीत. मी एकाही वाक्याला 'असं नाही, असं म्हणायचं' केलं नाही. चानी मालवणीच आहे. पुस्तकातली मराठी ती मुलांबरोबर हळूहळू शिकते.

आता त्या मुलीबद्दल. तिचं नाव लिहीत नाही, इथे तिला बाय म्हणते. आमच्या गावाजवळ चिरेखाणी आहेत. तिथे जांभा दगडाचे चिरे कापायला कर्नाटकातून कुटुंबं येतात, पावसाळा तोंडावर आला की परत जातात. बाय चार वर्षांची, वडील विजयपूर जिल्ह्यातले. डिसेंबरात ती यायला लागली आणि फेब्रुवारी निम्मा होईपर्यंत तिच्या तोंडून एक अक्षर आलं नव्हतं. खायची, ओळीत उभी राहायची, बोट धरलं की चालायची. बोलायची मात्र नाही. कान तपासायला सांगावं का, असा विचार मी करत होते.

चानी गोलातून फिरवताना मी बायच्या पुढे थोडं थांबत असे आणि पुढे जात असे. कधी तिच्याकडे धरून 'बोल, बोल' केलं नाही. हे मात्र मी शहाणपणाने नाही, भीतीने केलं. वाघाची किंकाळी माझ्या कानात होती. एके दिवशी जेवणानंतर मुलं सतरंजीवर लोळत होती आणि चानी टोपलीत होती. टोपलीचं झाकण अर्धं उघडं राहिलं होतं. मी वहीत हजेरी भरत होते. बाय टोपलीपाशी सरकली. झाकण उचललं. शेपटीचा काथ्या एका बोटाने विंचरला, वरून खाली, पुन्हा वरून खाली. मग टोपलीत तोंड घालून हलकेच म्हणाली, "अळिलु."

मला वाटलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी. तिने पुन्हा म्हटलं, या वेळी जरा स्पष्ट. "अळिलु."

मी पेन ठेवलं. उठले नाही. काकींना हातानेच थांबवलं. बाय पाच-सात मिनिटं चानीशी बोलत होती, सलग, खालच्या आवाजात, मध्ये हसत. मला त्यातला एक शब्दही कळला नाही. तिचे कान उत्तम होते, जीभ उत्तम होती. आमच्या वर्गात तिच्या भाषेला जागा नव्हती, एवढंच.

दुपारी तिचे वडील न्यायला आले तेव्हा मी विचारलं, "दादा, अळिलु म्हणजे काय?" ते क्षणभर बघत राहिले. त्यांच्या मराठीत शब्द सापडेना, मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन काहीतरी कुरतडल्यासारखं करून दाखवलं आणि बाहेरच्या माडाकडे बोट केलं. खार. कन्नडमध्ये खारीला अळिलु म्हणतात.

दुसऱ्या दिवशी चानीने माझ्या कानात सांगितलं की तिचं आणखी एक नाव आहे, ते फक्त बायला माहीत आहे. सगळी मुलं बायकडे वळली. ती सतरंजीकडे बघत राहिली. मला वाटलं घाई झाली, आता ती पुन्हा मिटणार. मी चानीला फिरवणारच होते, तोच शेजारच्या मुलाने तिला कोपराने हळूच डिवचलं, "सांग ना गो." तिने सांगितलं. सतरा तोंडांनी तो शब्द सतरा तऱ्हांनी म्हणून पाहिला आणि बाय, जी अडीच महिने खाली बघत होती, ती एकेकाकडे बघून मान हलवत होती : नाही, असं नाही, पुन्हा म्हण.

त्यानंतर रोज एक शब्द. पाण्याला नीरु. मी ते वहीत मागच्या पानावर लिहीत गेले. मार्चअखेर ती चानीला अर्धं कन्नड आणि अर्धं मालवणी सांगत होती. घरची भाषा आधी आणि खेळातून शिकणं, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लहान मुलांच्या टप्प्यासाठी लिहिलेलं आहे, बैठकांमध्ये ते अनेकदा वाचून दाखवलेलं मी ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला त्या टोपलीपाशी लागला.

सगळंच असं गोड झालं नाही. एक चूक मी सहा महिने करत होते आणि ती चूक आहे हे कळलं नाही. वर्गात गोंगाट झाला की मी म्हणायचे, "चानीला राग आला, ती आता टोपलीत जाणार." वर्ग लगेच शांत व्हायचा. मला ते यश वाटायचं. मग एक दिवस एक मुलगी घरून आली ती थेट टोपलीकडे गेली आणि झाकणाला तोंड लावून म्हणाली, "चानी, मिया काल पाणी सांडलंय. रागव नको." काल पाणी तिने सांडलं होतं आणि चानी तेव्हा टोपलीतच होती. म्हणजे रात्रभर हे लेकरू त्या मोज्याच्या रागाला भिऊन होतं. त्या दिवसापासून चानीला राग येत नाही. वर्ग गप्प करायचं काम माझं आहे, ते मी माझ्या तोंडाने करते.

आणि एक जास्त अवघड गोष्ट. मुलं चानीला गुपितं सांगतात. बहुतेक वेळा गूळ चोरल्याचं, भावाने ढकलल्याचं. पण एकदा एकाने सगळ्यांसमोर तिच्या कानात, म्हणजे खरं तर माझ्या हातात, घरात रात्री काय घडतं ते सांगितलं. मारहाणीचं होतं. अशा वेळी काय करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी चानीला त्याच्या गालाला लावलं, 'बरं केलंस सांगितलंस' एवढं म्हटलं आणि गाणं सुरू केलं. वर्गात त्यावर एक शब्द वाढवला नाही. सुटल्यावर काकींना घेऊन त्याच्या आजीकडे गेले, पुढचं रीतसर आमच्या पर्यवेक्षिका मॅडमना कळवलं. जी कोणी वर्गात बाहुली आणणार असेल तिने हे आधीच मनाशी ठरवून ठेवावं, कारण मूल बाहुलीला सांगतं ते आपल्यालाच सांगत असतं, आणि ऐकलं नाही असं करता येत नाही.

पालकांचं म्हणणं वेगळंच होतं. बैठकीत दोघी-तिघींनी विचारलं, बाई खेळवतात, लिहायला कधी शिकवणार? मी वाद घातला नाही. पुढच्या बैठकीला चानीला मध्ये ठेवलं आणि मुलांना म्हटलं, चानीला आज बाजारातलं काही माहीत नाही, सांगा. एका आईने आपल्या मुलाला दहा मिनिटं थांबून ऐकलं, तो बुधवारच्या बाजारातल्या मासळीच्या टोपल्या एकेक करून सांगत होता, बांगडो किती, पेडवे किती. ती नंतर एवढंच म्हणाली, "हो घरात इतक्यां बोलना नाय." तिने पुन्हा लिहिण्याचं विचारलं नाही. बाकीच्या विचारतात, आणि विचारू देत.

गेल्या उन्हाळ्यात मुलांनी स्वतःच्या बाहुल्या केल्या. आंब्याचे बाठे धुऊन पत्र्यावर आठवडाभर वाळवले. रायवळ आंब्याच्या बाठ्याला धागे भरपूर, वाळले की पांढरे केस आणि दाढी आपोआप तयार. खाली काठी खोचायला भोक काकींनी पाडून दिलं, डोळे मुलांनी कोळशाने काढले. कोणाचा आजोबा झाला, कोणाची मावशी, एकाचा एसटीचा कंडक्टर. त्यांना मी एकही गोष्ट दिली नाही. दोन बाठे समोरासमोर आले की भांडणच सुरू व्हायचं, मग कोणीतरी चहा करायचं, मग तिकीट फाडायचं. आणि एक बोलताना दुसरा थांबायचा. हे त्यांना मी शिकवलं नव्हतं. चानीला बघून आलं असावं.

बाय मे संपताना गेली. खाण बंद झाली, टेम्पोत भांडी चढली. वडील तिला निरोपाला घेऊन आले. तिने चानी मागितली नाही, मीही दिली नाही. दुसरा पायमोजा मी आधीच शिवून ठेवला होता, डोळे भरलेले, पट्टे ओढलेले, काथ्याचं शेपूट टिचबटणाने लावलेलं. तो तिच्या हातात घातला. तिने लगेच अंगठा खाली नेला, चार बोटं स्थिर ठेवून, आणि माझ्या कानाशी आणला.

या जूनमध्ये नवीन सात मुलं आली आहेत. टोपलीवर चिठ्ठी चिकटवली आहे, तिच्यावर खार, चानी आणि अळिलु अशी तीन नावं आहेत. एक मुलगा घरी हिंदी बोलतो. त्याने अजून चौथं सांगितलेलं नाही, चिठ्ठीवर जागा ठेवली आहे.